खोडदच्या माळावरील विज्ञानजत्रा

पुणे–नाशिक महामार्गावर नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याच्या दिशेने निघाले की पिंपळवंडी लागते. कुकडीच्या पाण्यावर पोसलेला हा परिसर फेब्रुवारीच्या अखेरीस पाहावा. ऊसतोड सरत आलेली असते, द्राक्षांचे मणी गोडीवर आलेले असतात, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागतात आणि कांद्याच्या वाफ्यांवर शेवटचे पाणी फिरत असते. शेतकऱ्याला क्षणाची उसंत नसते. तरीही २८ फेब्रुवारीच्या सकाळी या गावातील, तसेच जुन्नर–आंबेगावातील अनेक शाळांतील मुले, शिक्षक आणि पालक खोडदच्या वाटेला लागतात. नारायणगावाहून पूर्वेकडे वळलेला हा रस्ता शेतामळ्यांतून जातो आणि काही वेळाने बागांच्या वर जाळीदार, पांढुरक्या, अवाढव्य परड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. परिसरातील आबालवृद्ध तिला ‘खोडदची दुर्बीण’ म्हणूनच ओळखतात.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा आपला शोध जाहीर केला. त्याच्या स्मरणार्थ १९८७पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. खोडदला त्या निमित्ताने भव्य विज्ञान प्रदर्शन भरते आणि एरवी शांत असलेले दुर्बिणीचे आवार सर्वांसाठी खुले होते. त्याला प्रदर्शन म्हणण्यापेक्षा जत्रा म्हणणेच अधिक शोभेल. दूरदूरच्या गावांतून बस आणि जीपा भरून येतात, टोप्या घातलेले आजोबा नातवंडांचा हात धरून चालतात आणि शाळांचे गणवेश रांगा धरून सरकत असतात. फरक एवढाच, की प्रत्येक जत्रेत असतो तो कर्णकर्कश गोंगाट येथे चालत नाही. माणसांच्या बोलण्याला मुळीच बंदी नाही. बंदी आहे ती खिशातील यंत्राच्या बोलण्याला. आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो.

तसे का, हे समजून घेतले तर या स्थळाचे सारे मर्म हाती येते. प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणीला अंधार लागतो. रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीला निःशब्दता लागते. आकाशातून येणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात, की चंद्रावर एखादा मोबाईल चालू ठेवला तरी तो या दुर्बिणीला आकाशातील प्रखर स्रोतांपैकी एक भासेल. मग हाताच्या अंतरावर वाजणाऱ्या मोबाईलची कथा काय सांगावी?

दुर्बिणीची रचना पाहून ग्रामीण पाहुण्यांना जो आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो. एकंदर ३० परड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर एका परडीच्या तोंडाचे क्षेत्र साडेपंधरा गुंठ्यांच्या आसपास भरते आणि तिसांची बेरीज पावणेबारा एकरांच्या घरात जाते. यांपैकी १४ परड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत. उरलेल्या १६ परड्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन शाखांवर आसपासच्या गावांच्या शिवारांत विखुरल्या आहेत. दोन टोकांच्या परड्यांमधील अंतर २५ किलोमीटरपर्यंत जाते. साऱ्या परड्यांनी टिपलेले संकेत प्रकाशतंतूंच्या तारांमधून मध्यवर्ती इमारतीत आणून एकत्र केले, की २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच दुर्बिणीने पाहिल्यासारखे सूक्ष्म दर्शन घडते.

जवळ गेल्यावर आणखी एक नवल दिसते. परडी भरीव पत्र्याची नाही. पोलादी दोरांच्या ताणावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी बसवलेली आहे आणि तिची छिद्रे एक ते दोन सेंटिमीटरची आहेत. पलीकडचे ढग आरपार दिसतात. मग लहरी निसटून जात नाहीत काय? चाळणीतून रेती खाली पडते, गहू पडत नाही, तसाच हा प्रकार. येथे टिपल्या जाणाऱ्या लहरींची लांबी सुमारे २० सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असल्याने त्या जाळीवरून परावर्तित होतात आणि वारा मात्र सुखेनैव निघून जातो. वाऱ्याचा भार हलका झाला म्हणून सांगाडा हलका झाला, सांगाडा हलका झाला म्हणून खर्च आटोक्यात आला. परदेशी बनावटीची नक्कल न करता काटकसरीतून साधलेली ही युक्ती प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची.

गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कार्याची सुरुवातही महाराष्ट्रातलीच. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ छोट्या परड्या त्यांनी १९६५मध्ये कल्याणजवळ उभ्या करून सूर्याचा अभ्यास आरंभिला. पुढे १९७०मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. त्यानंतरची ही मोठी झेप. जागेसाठी देशभर शोध झाला आणि पसंती मिळाली ती जुन्नर तालुक्याला. भोवतालच्या डोंगररांगांमुळे दूरच्या शहरांचा रेडिओ कोलाहल अडतो, मोठे कारखाने नाहीत, वारे बेताचे आहेत, पुण्यासारखे विद्याकेंद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेला असल्याने वरच्या वातावरणाची खळबळही कमी आहे.

नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात दानाचे आकडे कोरून ठेवणारा हा तालुका. दोन हजार वर्षांनंतर त्याच्या माळावर विश्वाच्या जमाखर्चाचे आकडे उतरवले जाऊ लागले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या शियापरेली यानाचा क्षीण संकेत येथे टिपला गेला आणि उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी तो थांबल्याचेही येथेच कळले. २०२३च्या जानेवारीत सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या हायड्रोजनच्या संकेताची नोंद जाहीर झाली. त्याच वर्षी जूनमध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद पार्श्वनादाचे पुरावे जगापुढे आले, त्यांतही खोडदच्या निरीक्षणांचा वाटा होता.

प्रदर्शनाच्या मंडपात मात्र आकाशाइतकीच शेतीही असते. ठिबकचे पाणी आपोआप चालू-बंद करणारे यंत्र, बिबट्याची चाहूल देणारी घंटा, गोबरगॅसची प्रतिकृती अशा गोष्टी घेऊन मुले उभी असतात. पुठ्ठा, जुन्या मोटारी आणि सायकलचे भाग जोडून केलेला प्रयोग समजावताना सातवीतील मुलीचा आवाज आधी कापतो; दहाव्या पाहुण्यापर्यंत तो स्थिर होतो. एखादा संशोधक वाकून तिला प्रश्न विचारतो आणि ती न घाबरता उत्तर देते. आपल्या घरातील उसाच्या अडचणीवर शोधलेला उपाय ऐकायला शास्त्रज्ञ उभा राहतो, हा अनुभव त्या मुलीच्या जमेस आयुष्यभर राहील.

परंतु जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही वाचायला हवी. दुर्बिणीची निःशब्दता ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. ती भोवतालच्या गावांनी दिलेली आहे. येथे मोठा उद्योग आणायचा किंवा प्रक्षेपणाचा मनोरा उभारायचा तर दुर्बिणीच्या व्यवस्थापनाचे मत विचारात घ्यावे लागते. वीजवाहिनीवरील सैल जोड किंवा तडकलेला इन्सुलेटर यांतून उडणारी ठिणगीही निरीक्षणात व्यत्यय आणते. अमेरिकेत ग्रीन बँक येथील दुर्बिणीसाठी १९५८मध्ये रेडिओशांत क्षेत्र घोषित झाले, पण तो विरळ वस्तीचा डोंगराळ मुलूख आहे. जुन्नरची गोष्ट निराळी. येथे दर शिवारात विहीर आहे, विहिरीवर मोटर आहे आणि प्रत्येक घरात शिकून बाहेर पडू पाहणारा तरुण आहे.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो पुणे–नाशिक रेल्वेमुळे. सुमारे २३५ किलोमीटरच्या मध्यम द्रुतगती मार्गाची आखणी या भागातून झाली होती आणि अनेक दशकांची मागणी पूर्ण होणार, अशी आशा पालवली होती. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या माथ्यावरील तारेतून उडणाऱ्या ठिणग्या दुर्बिणीला बाधक ठरतात. दुर्बिणीचे कारण देऊन हा मार्ग बदलण्याचे रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केले आणि तालुक्यात नाराजी उमटली. टोमॅटो, कांदा, द्राक्षे वेळेत बाजारात पोचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याची ती नाराजी अवाजवी म्हणता येणार नाही. दुसरीकडे, एकदा भंगलेली निःशब्दता पैसे मोजूनही परत आणता येत नाही, हे संशोधकांचे म्हणणेही तितकेच खरे. भुयारी मार्ग, तांत्रिक आच्छादन, पर्यायी आखणी अशा उपायांची चर्चा होत राहील. तोपर्यंत एक गोष्ट निःसंशय मान्य करावी लागेल: शोधनिबंधावर नावे शास्त्रज्ञांची छापली जातात, पण त्यामागे या गावांचा संयमही खर्ची पडलेला असतो.

म्हणूनच वर्षातून एकदा भरणाऱ्या या जत्रेचे मोल विशेष आहे. ज्यांनी शांतता राखली त्यांना त्या शांततेतून काय ऐकू आले, हे सांगण्याचा हा दिवस. दुर्बीण शेजाऱ्यांची ऋणी आहे आणि त्या ऋणाचे व्याज तरी मुलांच्या शिक्षणाच्या रूपाने फेडले जावे, अशी अपेक्षा गावांनी ठेवली तर ती गैर नाही. प्रदर्शनापुरतीच नव्हे, तर वर्षभर शाळांशी जोडलेली विज्ञानकेंद्रे, प्रशिक्षणे आणि स्थानिक तरुणांना तांत्रिक कामे यांची व्याप्ती वाढत गेली, तर गावांना हा भार जड वाटणार नाही.

वाचक कुटुंबांनी पुढच्या फेब्रुवारीत मुलांना घेऊन खोडदला अवश्य जावे. सकाळी लवकर पोचावे, उन्हासाठी टोपी आणि पिण्याचे पाणी सोबत ठेवावे, फोन खरोखरच बंद करावा. मुलांच्या प्रयोगांपुढे थांबून एखादा प्रश्न विचारावा, कारण त्यांना तेच सर्वांत मोठे बक्षीस वाटते. परतीची वाट मात्र दिवस असतानाच धरावी. उसाच्या फडांमधून जाणाऱ्या या रस्त्यांवर सांजवेळी बिबट्याचा वावर असतो.