तोच तो बिबट्या

भीमगडच्या रानात कॅमेरे लावायला जातो म्हटलं की निपाणीत प्रश्न एकच, "मग, वाघ दिसला का?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. न बघता मोजता कसे, ही त्याची खरी शंका. खानापूरच्या जंगलात वन खात्याबरोबर स्वयंसेवक म्हणून फिरताना मला तिचं उत्तर हळूहळू कळलं, पण चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही.

भीमगड 2011 साली अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम 190 चौरस किलोमीटर, पण एका अंगाला काळी व्याघ्र प्रकल्प, दुसऱ्या अंगाला गोव्याची म्हादई आणि वर तिलारी, राधानगरीकडे जाणारा डोंगर. हेमाडगा, तळेवाडी, गवाळी ही आतली गावं मराठी बोलणारी.

नकाशावर दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडलेले असतात आणि एकेका चौकोनात कॅमेऱ्यांची एक जोडी. नेमकी जागा मात्र वॉचरमामा ठरवतात. पायवाटेवरची विष्ठा, खोडावरचे नखांचे ओरखडे, ओढ्याकाठच्या मातीतला पंजा बघून म्हणतात, "हितंच बांधा." वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधायचे, पण अगदी समोरासमोर नाही, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या फोटोत जातो. दोन कशाला? वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात म्हणून. मग पुढचं गवत विळ्यानं छाटायचं, कारण उन्हानं तापलेलं पातं हललं तरी कॅमेरा फोटो काढत बसतो. शेवटी कुणीतरी वाघ होऊन कॅमेऱ्यापुढून रांगत जायचं. हे काम बहुधा माझ्याकडे येई. "वाघ असं ढुंगण वर करून जात नाही ओ!" ही मामांची नेहमीची तक्रार.

कार्डं काढून आणली की संध्याकाळी सगळे लॅपटॉपभोवती गोळा होत. आधी गावातल्या गायी. मग पुन्हा गायी, साळिंदर, सांबर, आमचेच पाय, परत गायी. मधेच बिबट्या. अंगावरचे ठिपके जुळवून बघायचे. नवा निघाला की आनंदीआनंद, जुना निघाला की "तोच तो ओ" म्हणत पुढचा फोटो.

हिशेबात मात्र भाव त्या जुन्याला. समजा पहिल्या फेरीत वीस वेगवेगळे बिबटे टिपले. दुसऱ्या फेरीत पंधरा आले, त्यांतले दहा ओळखीचे. म्हणजे दर तिघांतले दोघे आपल्याकडे आधीच नोंदलेले. वीस जर दोन तृतीयांश, तर रानात एकूण तीस. ओळखीचे फार थोडे भेटले, तर न दिसलेले पुष्कळ आहेत असं समजायचं. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच किचकट असतं, पण मुळात हेच. पंजाचे ठसे काचेवर उतरवून शिरगणती चालायची त्या काळात, नव्वदच्या दशकात, वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंथ यांनी नागरहोळेत हे वाघांवर करून दाखवलं. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर साडेतीन कोटींच्या घरात फोटो निघाले. त्यांत वाघाचे 76,651. त्या फोटोंतले वेगवेगळे वाघ 2,461 आणि अंदाज 2,967 चा. मधले पाचशे कॅमेऱ्यापुढे न येताच हिशेबात आले.

माणसाचं मोजणं याच्या नेमकं उलट. ऑगस्ट 2022 मध्ये बेळगावात जाधवनगरात बिबट्या आला आणि गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. शाळा बंद, कॅमेरे लागले, सक्रेबैलूच्या छावणीतून शोधायला हत्ती आले, पण तो काही सापडला नाही. तेवढ्या दिवसांत मला फोनवरून जेवढे बिबटे सांगितले गेले, तेवढे सबंध भीमगडात तरी असतील का, कोण जाणे.

टी-31 नावाचा वाघ 2018 साली महाराष्ट्रात सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात टिपला गेला होता. 2020 मध्ये काळीतल्या एका वाघाचे पट्टे त्याच्याशी जुळले. अंतर दोनशे किलोमीटरांच्या वर, आणि मधे पडतो तो आमचाच डोंगर. जुने फोटो कुणी काढून बघितले नसते, तर महाराष्ट्राचा एक आणि कर्नाटकाचा एक असे दोन वाघ झाले असते.

ज्यांच्या अंगावर पट्टे-ठिपके नाहीत, त्यांची पंचाईत. काळ्या बिबट्याचं एक वेळ निभतं, इन्फ्रारेड फोटोत त्याचे ठिपके उमटतात. गवा मात्र शंभर फोटोंत आला तरी शंभर गवे की दहा, सांगता येत नाही. त्याच्यासाठी ठरलेल्या रेघेवरून पायी चालायचं आणि दिसला की अंतर नोंदायचं. मामांना हे मुळीच पटत नाही. "आमच्या भातात येतो त्याचं डावं शिंग मोडलंय," ते म्हणाले, "त्याला वळखतो की मी." एकाला ओळखून हिशेब होत नाही म्हटलं, तर म्हणाले, "बाकीचे पन वळखतो. लिवून घ्या."