कषाय

फ्रान्सहून आलेल्या एका अभ्यागत प्राध्यापकांनी निरोप घेताना तांबड्या वाइनची एक बाटली भेट दिली. मेदोकची, अवघ्या तीन वर्षांपूर्वीच्या हंगामातली. “ही अजून तरुण आहे,” एवढेच ते म्हणाले. हे कौतुक की इशारा, याचा उलगडा पहिल्या घोटासरशी झाला. जीभ कोरडी पडली आणि हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या.

मेदोक हा बोर्दोच्या उत्तरेस, जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावरील खडेगोट्यांच्या जमिनीचा पट्टा. काबेर्ने सोव्हिन्यो हे तेथील मानाचे द्राक्ष. दाणा लहान, साल जाड. तांबड्या वाइनचा रस साली-बियांसह आंबवतात, त्यामुळे रंगाबरोबर तुरटपणाही त्यात उतरतो. पुढे ओकच्या पिंपात आणि बाटलीत वर्षे गेली की तो मवाळ होतो. तरुण वाइनमध्ये तो अजून उघडा असतो.

या तुरटपणाला युरोपीय रसिक ‘तॅनिन’ म्हणतात. ओकच्या ज्या सालीने कातडे कमावीत तिच्या नावावरून हा शब्द आला. आपल्याकडे हेच काम हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने केले. आधुनिक शरीरशास्त्र सांगते की तॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते, तिचा ओशटपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. म्हणून तुरटपणास चव म्हणण्यापेक्षा स्पर्श म्हणावे, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. चरकाने मात्र त्याला षड्रसांत मानाने बसविले आणि त्याची ओळखही जिभेच्या ताठरण्यावरून, जडत्वावरूनच सांगितली. चरकाचा ‘कटु’ म्हणजे आपले तिखट, आणि आपले कडू म्हणजे त्याचा ‘तिक्त’. भाषांतरकाराची येथे हमखास त्रेधा उडते. ‘कषाय’ आणि तुरट यांत तसा घोटाळा नाही. शिवाय कषाय म्हणजे काढा, आणि कषाय म्हणजे तांबूस रंगही. संन्याशाची काषाय वस्त्रे तीच. साल, रंग आणि रस यांना एकाच शब्दात गुंफणाऱ्या भाषेला तांबडी वाइन परकी वाटण्याचे कारण नाही. सुपारी आणि आवळा आवडीने चघळणाऱ्यांनी तर तिला बिचकूच नये.

बाटली दहा वर्षे जपून ठेवण्याचा सल्ला मला मिळाला होता. तो थंड तळघरे असणाऱ्यांसाठी ठीक. दिल्लीच्या जूनमध्ये कपाटातली वाइन परिपक्व होत नाही, शिजते. ‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियमही युरोपातल्या जुन्या, गार खोल्यांचा, म्हणजे 16 ते 18 अंशांचा. आपल्याकडे एरवी अर्धा तास फ्रिजच हवा.

तरुण वाइनला थोडी हवा आणि योग्य जेवण लागते. मी ती काचेच्या जगात ओतून तासभर उघडी ठेवली. सोबत मटण, पण तिखट बेताचे. मिरचीने मद्याची धग वाढते, तुरटपणाही बोचरा होतो. मांसातली प्रथिने आणि चरबी उलट त्याची धार कमी करतात. दुसऱ्या घासानंतर हिरड्यांवरची पकड सैल झाली आणि फळ पुढे आले. फ्रेंच लोक या वासाला ‘कासिस’ म्हणतात. ते काळे बोर मी कधी खाल्लेले नाही. माझ्या जिभेला त्या जागी जांभूळ सापडले, बियांभोवतीच्या तुरट गरासकट.