वझ्झरच्या झाडांखाली

इंदूरहून वऱ्हाडात उतरावयाचे, तर खंडव्याच्या वाटेने मोरटक्क्याला नर्मदा ओलांडावी, मग धारणी, हरिसाल, सेमाडोह करीत मेळघाटचे रान मागे टाकावे. आपल्याकडील बहुतेक मंडळी चिखलदऱ्याची थंड हवा खाऊन परततात. आम्ही मात्र परतवाड्याजवळच्या वझ्झरला थांबलो.

सापन नदीवरील धरणाच्या परिसरात कै. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचे बालगृह आहे. येथील सावली पाहून हे एकेकाळी उजाड माळरान होते, हे सांगूनही पटत नाही. हजारो झाडे लावली ती येथल्याच मुलांनी. फलाटावर, उकिरड्यावर टाकून दिलेली ही लेकरे पोलिसांच्या हातून येथे आली. कोणी अंध, कोणी मूकबधिर, कोणी मतिमंद.

दत्तक मूल मागणाऱ्यांची आपल्या देशात रांग मोठी. पण ती निरोगी, शक्यतो तान्ह्या बाळासाठी. अशा अपंग मुलांना जी घरे लाभतात, त्यांत परदेशस्थ कुटुंबांचा वाटा मोठा असतो. हे ऐकून आपण थोडे ओशाळलो तर बिघडत नाही. शंकरबाबा पापळकरांनी कोणाची वाट पाहिली नाही. 123 मुलांच्या नावापुढे पिता म्हणून त्यांनी स्वतःचेच नाव लावले.

2015 च्या बालन्याय कायद्यानुसार अठरा वर्षे पुरी झाली की मुलाने बालगृह सोडावयाचे. पुढील मदत एकविसाव्या, क्वचित तेविसाव्या वर्षापर्यंत. पण ज्याला आपला घास आपल्या हाताने तोंडी घालता येत नाही, त्याचे अठरावे वर्ष कोणते? शंकरबाबांचा सारा तंटा या एका आकड्याशी. अशा निराधारांना आजन्म आसरा देणारा कायदा व्हावा, असा त्यांचा आग्रह. कायदा होईतो त्यांनी कोणाला घराबाहेर काढले नाही. उलट संसार मांडून दिले. डिसेंबर 2020 मध्ये येथल्याच एका मूकबधिर जोडप्याचा विवाह नागपुरात झाला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी कन्यादान केले, तर जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे वरपिता झाले.

2024 मध्ये शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांची एक अंध कन्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचराकुंडीत सापडलेली ही मुलगी. निकालाच्या यादीत तिचे आडनाव छापले होते, पापळकर.