काळवंडलेली चांदी

काळवंडलेली चांदी दिसली की आपल्या माणसांचे हात शिवशिवायला लागतात. करंडा असो, अत्तरदाणी असो, घासून लख्ख केल्याशिवाय चैन पडत नाही. चांदीचा मुलामा दिलेला एक जुना आल्टो सॅक्सोफोन दुरुस्त करून विकायला माझ्याकडे आला, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने हाच सल्ला दिला: आधी घासून काढ.

गोव्याहून मुंबईला आलेल्या एका वादकाचा तो. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि मुंबईला जॅझची चटक लागली. चर्चच्या शाळेत सोलफा घोटून आलेली गोव्याची पोरं नाचाच्या बँडांत शिरली, पुढे सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गेली. हा वादक त्यांतलाच एक. त्याच्या मुलीने पेटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "विका, पण भिंतीवर टांगणाऱ्याला नको."

वाद्य अमेरिकेतलं, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या कॉन कंपनीचं, 1920 च्या दशकातलं. पाठीवर क्रमांक आणि त्याच्याबरोबर पेटंटची तारीख, 8 डिसेंबर 1914. पुष्कळ विक्रेते हेच जन्मसाल धरून '1914 चा दुर्मीळ सॅक्स' म्हणून जाहिरात ठोकतात. तारीख खरं तर स्वरछिद्रांच्या गुंडाळलेल्या कडांच्या पेटंटची. माझी नजर गेली क्रमांकाखालच्या इवल्याशा 'एल' अक्षराकडे. तिथे 'एच' असता तर वाद्य त्या काळच्या चढ्या सुराचं, 440 च्या जागी 457 च्या आसपासच्या कंपनसंख्येवर बांधलेलं ठरलं असतं. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त फरक! तोंडाचा तुकडा कितीही मागेपुढे करा, असं वाद्य हार्मोनियमबरोबर बसत नाही. 'एल' असला की आल्टोचा सा नेमका काळी दोनवर येतो.

आता चांदी. तिच्यावरचा काळेपणा हवेतल्या गंधकाचा. घासलं की काळ्याबरोबर चांदीही निघते, आणि मुलामा मुळात केसाहून पातळ. त्यातून ह्या वाद्याचं अंग वाळूच्या माऱ्याने मुद्दाम मंद ठेवलेलं, नळीवर दुधाळ झाक, फक्त चाव्या तेवढ्या चकचकीत. बफिंगच्या चाकाखाली धरलं की ती झाक गेली, कायमची. नळीच्या रुंद टोकावरची, म्हणजे घंटेवरची, कोरीव फुलंही बोथट होतात. मी टबात ॲल्युमिनियमचा कागद अंथरला, खाण्याचा सोडा टाकला, वर कढत पाणी. पोलादी सुई-स्प्रिंगा आधीच काढून ठेवल्या होत्या, नाहीतर गंजल्या असत्या. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमच्या मागे जातं, कुजक्या अंड्यांचा वास घरभर सुटतो आणि चांदी जागच्या जागी राहते. कोपऱ्याकापऱ्यांत थोडं काळं राहिलं. राहू दिलं, त्यानेच फुलांच्या रेषा उठून दिसतात.

चाव्यांखालचे पॅड मात्र सगळे बदलावे लागले. आत लोकर, वर पातळ चामडं; लोकर कसरीने खाल्लेली, चामडं पापडासारखं कडक. नवा पॅड चावीच्या वाटीत लाखेने चिकटवायचा. सोनार पोकळ डागिन्यात भरतो तीच ही लाख. स्पिरिटच्या दिव्यावर वाटी तापवली की लाख नरम होते, तेवढ्या अवधीत बोटाने पॅड सरळ बसवायचा. मग खोली अंधारी करून नळीत छोटा दिवा सोडायचा आणि एकेक चावी मिटायची. कडेने उजेडाची रेघ दिसली की तिथून हवा गळते. पुन्हा दिवा, पुन्हा बोट. एखाद्या छिद्राची कड वाकडी निघाली तर साध्या वाद्यावर कानस फिरवून सपाट करतात. गुंडाळलेल्या कडेवर कानस चालवली की गुंडाळीच उघडी पडते. अशी कड आतून हळूहळू उचलावी लागते. ह्या कामात बराच वेळ जातो आणि बाहेरून त्याचं काहीच दिसत नाही. घंटेवरचा एक जुना पोचा मी तसाच ठेवला. सुराला त्याची अडचण नव्हती.

किमतीबद्दल लोकांच्या कल्पना भलत्याच असतात. शंभर वर्षांचं, चांदीचं, म्हणजे लाखोंचं! ते दिवस अमेरिकेत सॅक्सोफोनच्या वेडाचे होते आणि कारखान्यांनी असे आल्टो ढिगाने काढले. भाव खातो तो 1954 मध्ये आलेला सेल्मरचा मार्क सिक्स. कॉनच्या संपूर्ण दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा वाद्याच्या किमतीला टेकतो. म्हणून विकताना मी सगळं लिहून दिलं: काय बदललं, काय मूळचं, पोचा कुठे.

पहिला गिऱ्हाईक दिवाणखाना सजवणारा होता, पैसेही चांगले देत होता. "जरा चमकवून द्या" म्हणाला. मी नाही म्हटलं. नंतर आला तो वरातीच्या बँडमध्ये वाजवणारा पोरगा. चांदीकडे त्याने बघितलंही नाही. सरळ सगळ्या चाव्या मिटून सर्वात खालचा सूर लावला. तो निघायला एकूण एक पॅड घट्ट बसावा लागतो, कुठे हवा गळत असेल तर घशात पाणी अडकल्यासारखा गुरगुरतो. सूर भरून निघाला. भाव त्याने पाडून मागितला, आणि त्याच भावात मी दिला.

तुमच्या माळ्यावर असं काही निघालं तर चिंच, राख, पितळेचं पॉलिश, सगळं लांब ठेवा. क्रमांकाखालचं अक्षर बघा आणि घासणाऱ्याच्या आधी वाजवणाऱ्याला बोलवा.