विंडोज मारल्यावर ताणलेली स्क्रीन

ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर रेझोल्यूशन बिघडते तेव्हा मॉनिटर बहुधा ठणठणीत असतो; गेलेला असतो तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर. नव्या विंडोजला जुना ड्रायव्हर चालला नाही की ती 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' नावाचा कामचलाऊ ड्रायव्हर लावून मोकळी होते. या ड्रायव्हरला ग्राफिक्स चिपची ओळख नसते. मशीन सुरू होताना बायोसने जो मोड लावून दिला, बहुधा तोच तो पुढे रेटतो. जुन्या मशीनवर तो बहुधा १०२४ × ७६८ असतो, कधी ८०० × ६००. सेटिंग्जमध्ये रेझोल्यूशनची यादी दिसते, पण बहुधा त्यातून हवे ते निवडता येत नाही.

धाराशिव जिल्ह्यात असली मशीन दुरुस्तीला येतात ती मुख्यतः आपले सरकार सेवा केंद्रे, झेरॉक्सची दुकाने आणि शाळांची ऑफिसे यांच्याकडून. तक्रारही ठरलेली: 'विंडोज मारली आणि स्क्रीन मोठी झाली.' विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे मुकाट चाललेल्या असेंबल्ड मशीनवरही नवी विंडोज टाकण्याची वेळ येते. पीकविम्याच्या मुदतीचे दिवस असतील तर दुरुस्तीला सवड मिळत नाही. अर्जाचे 'सबमिट' बटण टास्कबारच्या खाली गेलेले असते आणि बाहेर शेतकरी सातबारा घेऊन उभे असतात. ऑपरेटर कंट्रोल आणि वजाचे बटण दाबून ब्राउझर ६७ टक्क्यांवर आणतो आणि काम ढकलतो. दिवस निघतो, पण अक्षर इतके बारीक होते की 'शिंदे'चा अनुस्वार पडला की नाही हे छापील पावती हातात आल्यावरच कळते.

सेवा केंद्रांतले बरेच मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ × ७६८ चे. अशा पॅनेलवर १०२४ × ७६८ चे चित्र आले की उंची जुळते आणि रुंदी एक तृतीयांशाने ताणली जाते. अर्जावरचा पासपोर्ट फोटो गुबगुबीत दिसतो, हे कुणाच्याही लक्षात येते. अक्षराची गंमत मात्र जवळ जाऊन पाहावी लागते. उभ्या दिशेला एकास एक बिंदू असल्याने शिरोरेघ पूर्वीसारखीच रेखीव राहते. आडव्या दिशेला तीन बिंदूंचे चार करायचे असतात; त्यामुळे एक काना धारदार उमटतो आणि शेजारचा जाड, धुरकट होतो. रेघ स्वच्छ आणि काने मळके दिसले, की सेटिंग्ज न उघडताही बिघाड आडव्या मापात आहे हे सांगता येते. ८०० × ६०० ला दोन्ही दिशा फसतात आणि रफार, अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

दुरुस्तीची सुरुवात डिस्प्ले सेटिंग्जपासून करणे हा वेळेचा अपव्यय आहे. आधी डिव्हाइस मॅनेजर उघडावे. 'डिस्प्ले ॲडाप्टर्स'खाली बेसिक ॲडाप्टर दिसला की निदान संपले. त्यावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि तिथे हार्डवेअर आयडी पाहावा. त्यात ८०८६ असेल तर चिप इंटेलची. पुढचा आकडा नेमकी चिप सांगतो: २९सी२ म्हणजे जी३१, २ई३२ म्हणजे जी४१, ०१०२ म्हणजे सॅंडी ब्रिज पिढीचा प्रोसेसर. मदरबोर्डची सीडी हरवलेली आणि खोक्यावरचे स्टिकर उडालेले असले तरी हा आयडी हटत नाही. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाकण्यापेक्षा या चार अक्षरांवर भरवसा ठेवलेला बरा. ती सॉफ्टवेअर सोबत काय काय आणतील याचा नेम नसतो.

इथून पुढे वाटा फुटतात. सॅंडी ब्रिज आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी विंडोज १० ला ड्रायव्हर बहुधा विंडोज अपडेटमधूनच मिळतो. इंटरनेट जोडून वाट पाहिली की काम होते. जी३१ आणि जी४१ ला विंडोज ७ चा ड्रायव्हर वापरून पाहावा लागतो. त्याची सेटअप फाइल नवी आवृत्ती पाहून नकार देते, म्हणून ड्रायव्हर फोल्डरमध्ये उलगडून डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'हॅव डिस्क' पर्यायाने हाताने बसवायचा. ३२ बिटच्या विंडोजला ३२ बिटचाच ड्रायव्हर लागतो, ६४ ला ६४ चा. त्याहून जुन्या ९१५ चिपसेटसाठी मार्गच नाही, कारण त्याचे ड्रायव्हर एक्सपीच्या पद्धतीचे होते आणि विंडोज ८ पासून ती पद्धत काढून टाकली आहे. कोअर टू ड्युओवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती तर सुरूच होत नाही, तिला हव्या असलेल्या सूचना त्या प्रोसेसरात नाहीत. अशा मशीनवर लिनक्स घातले तर जी३१ वरही रेझोल्यूशन सहसा आपोआप नीट येते. पण सेवा केंद्राचे बोटांच्या ठशांचे यंत्र बहुधा विंडोजवरच चालते, म्हणून हा उपाय शाळेच्या ऑफिसला चालेल, केंद्राला नाही.

ड्रायव्हर बरोबर असूनही १३६६ यादीत नसेल तर संशय केबलवर घ्यावा. प्रत्येक मॉनिटर स्वतःची मापे १२८ बाइटच्या एका नोंदीत बाळगतो. ईडीआयडी म्हणतात तिला. व्हीजीए केबलमध्ये ही नोंद १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून येते. स्वस्त केबलमध्ये या तारा कधी नसतातच, तर कधी पिन वाकून आत गेलेली असते. सेकंडहँड ऑफिस मशीनच्या डिस्प्लेपोर्टला लावलेला हलका कन्व्हर्टरही हीच नोंद गिळतो. नोंद पोचली नाही की मॉनिटर 'जेनेरिक नॉन-पीएनपी' म्हणून दिसतो. पंधरा मिनिटे सेटिंग्जशी झगडण्याआधी दुसरी केबल लावून पाहावी. ड्रायव्हर जुना असेल तर यादीत १३६६ ऐवजी १३६० येते, कारण मापे मोजण्याच्या जुन्या रीतीत रुंदीला आठाने भाग जावा लागतो. सहा बिंदूंचा हा फरक खपवून घ्यायला हरकत नाही.

चुकून मॉनिटरला न झेपणारे माप निवडले तर काळ्या पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' येते. तेव्हा माउस-कीबोर्डला हात लावू नये. पंधरा सेकंदांत विंडोज स्वतःच जुन्या मापावर परतते. नाहीच परतली तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढून टाकायचा. सगळे जमल्यावर काही दिवसांनी अपडेटने ड्रायव्हर बदलला आणि चित्र पुन्हा ताणले, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' वापरावे.

योग्य माप मिळाल्यावर अक्षर बारीक वाटले म्हणून रेझोल्यूशन पुन्हा खाली आणू नये. स्केल १२५ टक्के करावे. व्हीजीएवर चित्र कधी डावीकडे सरकलेले असते. त्यासाठी मॉनिटरवरचे 'ऑटो' बटण दाबायचे, पण पडद्यावर पांढरे पान पूर्ण उघडे ठेवून. गडद वॉलपेपरवर मॉनिटरला चित्राच्या कडा सापडत नाहीत आणि तो ते आणखी सरकवून ठेवतो.