पैनगंगेपासून कमलालयापर्यंत : हंसध्वनी रागाची वाट

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला वसलेले केळापूर जगदंबेच्या देवस्थानामुळे विदर्भात परिचित असले, तरी या प्रवासात त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. पूर्वी सात क्रमांकाने ओळखला जाणारा आणि आता ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नागपूरहून पांढरकवडा-केळापूर परिसरातून दक्षिणेकडे उतरतो, पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडतो आणि तेलंगणात शिरतो. हिंदुस्तानी आणि कर्नाटक या दोन संगीतपद्धतींच्या सीमेची कल्पना साधारणपणे याच टापूत केली जाते. ती सीमा कितपत खरी आहे, हे पाहायचे असेल तर एखाद्या रागाचा माग काढत या रस्त्याने जावे, आणि त्यासाठी हंसध्वनीसारखा दुसरा राग क्वचितच सापडेल. कारण तो दक्षिणेत जन्मला, महाराष्ट्रात रुजला आणि त्याच्या दोन्ही मुक्कामांवर मराठी माणसांचा वावर होता.

मार्गशीर्षात, कापसाची वेचणी चालू असताना, केळापूरहून निघालेल्या प्रवाशाला काळ्या मातीची शेते आणि सागाचे जंगल आलटून पालटून भेटत राहते. हा गोंड, कोलाम आणि परधान समाजांचा मुलूख असून परधानांनी गोंडांच्या कुळकथा तंतुवाद्याच्या साथीने गाऊन पिढ्यानपिढ्या जपल्या आहेत. त्या गाण्याचा पट्टा पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, थेट आदिलाबादपर्यंत पसरलेला आहे. नदी ओलांडली की पाट्यांवरची लिपी बदलते, पण बाजारात मराठी लगेच थांबत नाही, जशी अलीकडच्या गावांतही तेलुगू अनोळखी नसते. पुढच्या प्रवासात ही तेलुगू पुन्हा भेटणार आहे, आणि तीही अनपेक्षित ठिकाणी.

निर्मळच्या पुढे गोदावरी, हैदराबादनंतर कृष्णा आणि कर्नूलला तुंगभद्रा ओलांडून रस्ता अनंतपूरमार्गे बंगळूरला पोहोचतो. बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेऊन तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली, म्हणून येथून पुढचा प्रवास हा मराठ्यांच्या इतिहासातील एका जुन्या वाटेचाही प्रवास ठरतो. होसूर, कृष्णगिरी, सेलम, करूर असा घाटउतार संपला की कावेरीचे खोरे लागते आणि तिरुचिरापल्ली मागे पडताच भाताची सलग हिरवी शेते तंजावरपर्यंत सोबत करतात. तमिळ पंचांगातील मार्गळी महिना या दिवसांत चालू असतो. पहाटे देवळांतून भजने ऐकू येतात आणि संगीताच्या मैफलींचाही हाच मुख्य हंगाम असतो.

तंजावरच्या मराठा राजांनी संगीताला केवळ आश्रय दिला असे नाही, तर त्याचे शास्त्रही लिहिले. शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी रागांची लक्षणे नोंदवली आणि तिरुवारूरच्या त्यागराजस्वामी या शिवस्वरूपाच्या भक्तीतून ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे संगीतनाट्य तेलुगूत रचले; पैनगंगेच्या काठी सुरू झालेली तेलुगू अशी कावेरीच्या काठी एका मराठी राजाच्या लेखणीतून भेटते. पुढे तुळजाजी पहिले (१७२८ ते १७३६) यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथात हंसध्वनी शोधणे व्यर्थ आहे, कारण ज्यांना या रागाचे जनक मानले जाते ते रामस्वामी दीक्षितर १७३५मध्ये जन्मले आणि त्यांचे आयुष्य पुढील मराठा राजांच्या काळात, १८१७पर्यंत गेले.

तंजावरच्या पूर्वेला असलेले तिरुवारूर हे या प्रवासाचे खरे गंतव्य होय. देवळासमोर कमलालय नावाचा विस्तीर्ण तलाव आहे, आणि कर्नाटक संगीतातील त्रिमूर्ती म्हणून गौरवलेले श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे तिघेही याच गावात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मले. मुत्तुस्वामी हे रामस्वामींचे पुत्र. त्यांनी वडिलांच्या रागात रचलेली ‘वातापि गणपतिम्’ ही आठ मात्रांच्या आदितालातील कृती आजही असंख्य मैफलींच्या प्रारंभी गायिली जाते. पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण अशा तीन भागांच्या बांधीव रचनेला कृती म्हणतात आणि एकाच ओळीच्या क्रमाने फुलत जाणाऱ्या स्वररूपांना संगती म्हणतात. वातापि म्हणजे बदामी. पल्लव राजा नरसिंहवर्मा याने ६४२मध्ये ती जिंकली, तेव्हा त्याच्या सेनापतीने तेथील गणेशमूर्ती तिरुचेंकाट्टंकुडीला आणली, अशी कथा या भागात सांगतात. समकालीन लेखांचा तिला आधार नसला, तरी दख्खनेतून दक्षिणेला आलेल्या गणपतीची आठवण या कृतीने घरोघर पोहोचवली, हे निःसंशय.

हंसध्वनी हा औडव, म्हणजे पाच स्वरांचा राग आहे. त्यात षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम आणि निषाद एवढेच स्वर येतात, तर मध्यम आणि धैवत पूर्णपणे वर्ज्य असतात. कर्नाटक पद्धतीत मूळ स्वरसप्तकाला मेळ म्हणतात आणि अशा ७२ मेळांपैकी २९व्या धीरशंकराभरणात हा राग बसवला जातो. तेथे चतुःश्रुती ऋषभ, अंतर गांधार आणि काकली निषाद अशी नावे मिळालेले स्वर म्हणजे हिंदुस्तानी पद्धतीतील शुद्ध रे, शुद्ध ग आणि शुद्ध नी होत. नावे परकी वाटली, तरी स्वर घरचेच आहेत.

या दोन परिभाषांमध्ये पूल बांधण्याचे मोठे काम पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी केले. १९०४मध्ये ते दक्षिणेच्या संगीतयात्रेला गेले आणि एट्टयपुरम येथे रामस्वामींच्याच वंशातील सुब्बराम दीक्षितरांना भेटले, ज्यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. मेळांच्या अभ्यासाचा उपयोग भातखंड्यांना हिंदुस्तानी रागांची दहा थाटांत मांडणी करताना झाला.

भातखंडे शास्त्र घेऊन परतले. रागाला मात्र गळा दिला तो मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ (निधन १९५३) यांनी. कर्नाटक संगीतातील सरगमची लय त्यांना मनापासून भावली होती आणि हंसध्वनीतील त्यांची ‘लागी लगन’ ही बंदिश हिंदुस्तानी गायकांनी आपलीशी केली. १९५६च्या ‘परिवार’ या चित्रपटातील एका युगुलगीतातून सलिल चौधरींनी हे स्वर सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत नेले. दक्षिणेत जो राग बांधीव कृतीच्या अंगाने प्रसन्न आणि वेगवान चालतो, तोच ख्यालात आलापाने विसावतो आणि तानांनी विस्तारतो. म्हणून हंसध्वनीचे उत्तरेत येणे ही नक्कल नसून नव्या व्याकरणात केलेले पुनर्लेखन आहे, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरते.

परतीच्या प्रवासात पैनगंगेचा पूल पुन्हा येतो, तेव्हा या रागाला येथे अडथळा का झाला नाही, याचे कारण स्पष्ट झालेले असते. त्याने उत्तरेकडे एकही अनोळखी स्वर आणला नाही. शिकायचे होते ते केवळ चलन, म्हणजे त्या स्वरांनी एकमेकांकडे जाण्याची रीत. केळापुरातील एखाद्या मुलाने पेटीवर पांढरी एकचा षड्ज धरला, तर हंसध्वनीचे पाचही स्वर त्याला पांढऱ्या पट्ट्यांवरच सापडतात. चौथी आणि सहावी पट्टी सोडून देण्याचा संयम तेवढा त्याला शिकावा लागतो, आणि तिरुवारूरच्या रामस्वामींची देणगी मुळात तोच संयम होती.