भुशाची पिशवी

निवृत्तीनंतर रायपूरच्या एका काकांनी मागच्या पडवीत सुतारकाम थाटले. सागाच्या फळ्या, करवत, रंधा आणि भुसा ओढून घेणारे यंत्रसुद्धा! यंत्र आणले म्हणजे धूळ संपली, अशी त्यांची समजूत. (पुरुषांना यंत्र घेण्याची हौस दांडगी, झटकण्याची नाही.) काकूंचा खोकला मात्र हटेना.

"अहो, ही पिशवी शेवटची कधी झटकलीत?" एके दिवशी काकूंनीच विचारले.

पिशवी गच्च भरली होती आणि कापडाची छिद्रे बारीक भुशाने बुजली होती. हवेला बाहेर पडायला वाटच नाही, तर यंत्र धूळ ओढणार कसे? खाली पडणाऱ्या ढलप्यांचे एवढे भय नसते. पिठासारखी धूळ तासन्‌तास तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले, तेही मुख्यतः नाकाच्या कर्करोगामुळे.

आता पिशवी अर्धी भरताच रिकामी होते, अंगणात, नाकातोंडावर मास्क बांधून. पावसाळ्यात दमट भुशाचे गोळे नळीत अडकतात, म्हणून नळीही सोडवून पाहिली जाते. झटकल्याची तारीख काकू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात, दुधाच्या हिशेबाशेजारी.